कॅम्पर ट्रेलरच्या पातळ भिंतीवर फळी आणि फ्रेम पक्की बसवताना

घरातल्या ड्रायवॉलला सरावलेला हात ट्रेलरच्या भिंतीवर हमखास फसतो. घरी अर्धा इंच जाडीचा बोर्ड असतो आणि त्यामागे साडेतीन इंच खोलीचा लाकडी स्टड, म्हणजे सांगाड्याचा उभा खांब. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये आतला प्लाय जेमतेम १/८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटर. त्यावर फुलाफुलांचा किंवा लाकडी रेघांचा कागद चिकटवलेला. बाहेरच्या पत्र्यापर्यंत सगळं धरून भिंत दीड ते दोन इंच. त्यामुळे इथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. स्क्रू आखूड पडला तर फळी मसाल्याच्या डब्यांसकट खाली येते. लांब झाला तर टोक बाहेरून डोकावतं, तिथून पावसाचं पाणी आत शिरतं आणि वर्षभरात भिंत आतून कुजते. पडलेली फळी दिसते तरी. झिरपणारं पाणी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हा प्लाय भार घेण्यासाठी बनवलेलाच नसतो. गाडीला ओढता यावं म्हणून ट्रेलर हलका ठेवतात. ताकद असते ती आतल्या सांगाड्यात, प्लाय फक्त त्यावरचं कातडं. म्हणून फळीचं वजन सांगाड्यावर जायला हवं. सांगाडा हव्या त्या जागी नसेल तर ते कपाटावर नाहीतर जमिनीवर न्यावं.

आधी भिंत ओळखा

बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर आत बहुधा लाकडी सांगाडा असतो: दीड इंच बाय दीड इंचाचे स्टड, मध्ये काचलोकर, आणि प्लाय स्टेपलने ठोकलेला. अमेरिकेत याला ‘स्टिक अँड टिन’ म्हणतात. नवशिक्याला हा प्रकार सोयीचा, कारण लाकडात स्क्रू नीट धरतो.

बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास असेल, तर भिंत बहुतेक लॅमिनेटेड असते. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, मध्ये पांढऱ्या फोमचे ठोकळे, दोन्ही बाजूंना पातळ थर, आणि सगळं एकमेकांना चिकटवलेलं. इथे स्क्रू फक्त नळीच्या पातळ पत्र्यात धरतो. जोर जास्त लावला की आटे गेलेच.

तिसरी गोष्ट आतल्या पार्टिशनची. न्हाणीघर आणि झोपायच्या जागेतली भिंत कधी कधी एकूण एकच इंच असते: दोन बाजूंना १/८ इंच प्लाय आणि मध्ये पाऊण इंचाची आडवी टाकलेली पट्टी. इथे सव्वा इंचाचा स्क्रू पलीकडच्या टॉवेलमधून बाहेर येईल.

अखंड फायबरग्लासच्या अंडाकृती ट्रेलरमध्ये स्टड नसतातच. ॲल्युमिनियमच्या गोलाकार ट्रेलरमध्ये फासळ्या रिव्हेटच्या ओळींवरून बसल्या जागी दिसतात. या दोन्हींचं तंत्र वेगळं आहे. इथे पहिल्या तीन प्रकारच्या भिंतींपुरतंच बोलू.

भार किती, आणि तो ओढतो कुठे

फळी खाली घसरून पडत नाही, वरच्या स्क्रूपासून उपटून पडते. हे एकदा कळलं की ब्रॅकेट (फळीखालचा काटकोनी आधार) कुठला घ्यायचा याचा घोळ संपतो.

उदाहरण घ्या. २४ इंच लांबीची ‘वन बाय सिक्स’ पाइनची फळी. नाव सहाचं असलं तरी प्रत्यक्षात ती साडेपाच इंच रुंद आणि पाऊण इंच जाड मिळते. तिचं वजन साधारण दीड पौंड. वर भरलेला मिसळणाचा डबा आणि चार-पाच बाटल्या ठेवल्या की सगळं मिळून ८ पौंड धरा. वजनाचा मध्य भिंतीपासून पावणेतीन इंचांवर. ब्रॅकेटची उभी बाजू ५ इंच असेल, तर वरच्या स्क्रूंवर ओढ येते ८ × २.७५ ÷ ५, म्हणजे साडेचार पौंडांच्या आत. आता तेच ८ पौंड १० इंच खोल फळीवर ठेवा आणि उभी बाजू ३ इंचांची घ्या: ८ × ५ ÷ ३, म्हणजे १३ पौंडांहून जास्त. सामान तेवढंच, ओढ तिप्पट. त्यात रस्त्याचा गचका. खड्ड्यात चाक आदळलं की भार क्षणभर वाढतो, म्हणून हिशोबात आलेला आकडा तिपटीने धरावा. दुसऱ्या फळीचा आकडा मग चाळिसावर जातो.

तात्पर्य, फळी सहा इंचांच्या आत ठेवा आणि ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावा. पुष्कळ जण उलटं लावतात, कारण लांब बाजू फळीखाली शोभून दिसते.

जागा ठरवताना आणखी काही बघून घ्या. स्लाइडआउट (मुक्कामी बाहेर सरकवायचा ट्रेलरचा भाग) आत ओढल्यावर त्याची कड कुठपर्यंत येते ते आधी आत घेऊन मोजा. बाहेर काढलेल्या अवस्थेत फळी छान बसते आणि निघताना स्लाइड तिच्यावर आदळते, ही चूक सर्रास होते. लाल मुठीची खिडकी आणीबाणीत बाहेर पडायची असते, तिच्यासमोर काही नको. फर्नेसच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. उशीच्या वर जड वस्तूची फळी नकोच. आणि दाराजवळच्या स्टिकरवर सामानाच्या वजनाची जी मर्यादा छापलेली असते, तिच्यात या फळ्या आणि स्टीलचे डबेही मोजले जातात.

सामान

८ नंबरचे, चपट्या रुंद डोक्याचे लाकडाचे स्क्रू, पाऊण, सव्वा आणि पावणेदोन इंच लांबीचे. ३/३२, १/८ आणि ११/६४ इंचाची ड्रिल बिटं. छोटं पण ताकदीचं निओडिमियम चुंबक. धातू ओळखणारा स्टड फाइंडर. मास्किंग टेप, मोजपट्टी, पेन्सिल, हातातला स्क्रूड्रायव्हर. ‘वन बाय थ्री’ पॉप्लरची रीप आणि पॉलियुरेथेनचा बांधकामाचा गोंद.

ड्रायवॉलचे काळे स्क्रू घरात पडलेले असतात म्हणून वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात. सततच्या हादऱ्याने त्यांची डोकी तुटतात आणि उरलेला दांडा लाकडात रुतून राहतो.

पाणसळ मुद्दामच या यादीत नाही. कॅम्पवर ट्रेलर पूर्ण समतल क्वचितच उभा असतो. पाणसळीने सरळ बसवलेली फळी पुढच्या मुक्कामी कपाटाशेजारी तिरकी दिसते. कपाटाच्या खालच्या कडेपासून दोन्ही टोकांना अंतर मोजा आणि तेवढंच ठेवा.

सांगाडा शोधणं

याच कामाला वेळ द्या. स्टड साधारण १६ इंचांवर असतात असं म्हणतात, पण खिडकी, दार, वॉटर हीटरचं झाकण आलं की कारखान्यात अंतर बिनदिक्कत बदलतात. अंदाजावर जाऊ नका.

लाकडी सांगाड्यासाठी चुंबक पुरतं. ते दोरीला बांधून भिंतीलगत हळू फिरवा. प्लाय ठोकलेल्या स्टेपलपाशी ते चिकटतं. प्रत्येक जागी टेपचा तुकडा लावा. चार-पाच तुकडे एकाखाली एक उभ्या रेषेत आले की तो स्टड. एकटादुकटा तुकडा म्हणजे कदाचित एखादी क्लिप, त्याच्यावर विसंबू नका. दोन पॅनेलच्या सांध्यावरची उभी पट्टी दिसते, तिच्यामागे स्टड असतोच, पण सांध्यात दोन्ही प्लायच्या कडा येतात, म्हणून स्क्रू नेमका रेषेत न मारता थोडा बाजूला घ्या.

ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. तिथे स्टड फाइंडर धातूच्या सेटिंगवर लावा. थंड रात्री आत हीटर चालू असेल तर आणखी सोपी वाट आहे: ॲल्युमिनियम बाहेरची थंडी आत आणतं, म्हणून नळ्यांच्या जागी भिंत गार लागते आणि थर्मल कॅमेऱ्यात गडद पट्टे दिसतात. कधी पहाटे दमट हवेत नुसत्या डोळ्यांनाही तिथे ओल धरलेली दिसते. काही कंपन्या ट्रेलरचा व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर दिल्यास सांगाड्याचा आराखडा पाठवतात. ईमेल टाकून बघायला काही जात नाही.

भोक पाडण्याआधी वीज तोडा. कॅम्पची वायर काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीचा स्विच फिरवा. भिंतीत १२० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन्ही वायरी असतात, आणि लाकडी सांगाड्यात त्या बऱ्याचदा स्टडला खाच पाडून आडव्या नेलेल्या असतात. म्हणून प्लगच्या आणि दिव्याच्या बटणांच्या उंचीवर स्क्रू मारू नका, चार इंच वर किंवा खाली सरका. सिंकच्या आणि न्हाणीघराच्या भिंतीत पाण्याची नळी असू शकते, तिथे दोनदा विचार करा.

भोक पाडणं

३/३२ इंचाच्या बिटावर टोकापासून एक इंचावर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या आणि त्याची शेपटी लांब सोडा. ही शेपटी भिंतीवरचा भुसा झाडायला लागली की थांबायचं. ड्रिल हळू चालवा, अंग टाकून दाबू नका.

बिटाबरोबर बाहेर काय येतं ते बघा. फिकट, ओलसर वासाचा लाकडाचा चुरा येत राहिला तर स्टड मिळाला. प्लायचा तांबूस बुरा आला आणि लगेच बिट ‘धप्प’ करून आत गेलं, तर पोकळी आहे. काचलोकरीचा धागा बिटाला गुंडाळला गेला तरी तेच. पांढरे दाणे आले तर फोम. चकचकीत बारीक कुरळे तुकडे आले म्हणजे ॲल्युमिनियमची नळी लागली. पोकळी निघाली तर डाव्या-उजव्या बाजूला अर्धा इंच सरकून पुन्हा प्रयत्न करा. फसलेलं बारीक भोक ब्रॅकेटखाली झाकलं जातं. तीनदा फसलं तर ड्रिल खाली ठेवा आणि पुन्हा चुंबक हातात घ्या.

स्क्रूची लांबी अशी काढा. ब्रॅकेट १/८ इंच, प्लाय १/८ इंच. सव्वा इंचाचा स्क्रू घेतला तर स्टडमध्ये बरोबर एक इंच जातो. स्टड दीड इंचाचा, म्हणजे बाहेरच्या पत्र्याआधी अर्धा इंच शिल्लक राहतो. पार्टिशनमध्ये पाऊण इंचाच्या पुढे जाऊ नका. ॲल्युमिनियमच्या नळीत १/८ इंचाचं भोक पाडून पाऊण ते एक इंचाचा ८ नंबरचा पत्र्याचा स्क्रू पुरतो. नळीच्या पहिल्या पत्र्याच्या पलीकडे लांबी वाढवून ताकद वाढत नाही.

शेवटचे दोन-तीन फेरे नेहमी हाताने. ड्रिलच्या जोराने लाकडात सहज आटे जातात, आणि नळीत तर एका झटक्यात. लाकडातलं भोक सैल झालं तर टूथपिकला लाकडाचा गोंद लावून आत भरा, वाळू द्या, वर कापून टाका आणि पुन्हा स्क्रू घाला. नळीतलं सैल झालं तर १० नंबरचा स्क्रू घ्या किंवा एक इंच वर नवीन भोक.

रीप लावून फळी

स्टड हवे तिथे नसतात ही खरी अडचण. फळीचे ब्रॅकेट ८ आणि २४ इंचांवर हवेत, स्टड मिळतात ३ आणि १९ वर. अशा वेळी आधी भिंतीवर आडवी रीप मारा, मग ब्रॅकेट रिपेवर हवे तिथे लावा. नवशिक्यांनी सगळ्या फळ्या अशाच बसवाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे. दिसायला थोडी जाडजूड, पण बिनघोर.

‘वन बाय थ्री’ची रीप प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि अडीच इंच रुंद असते. ती कमीत कमी दोन स्टडवर जाईल इतकी लांब कापा, तीनवर गेली तर उत्तम. स्टडच्या जागी रिपेत ११/६४ इंचाची भोकं पाडा, एका स्टडला दोन, एकाखाली एक, सव्वा इंच अंतराने. ही भोकं स्क्रूला मोकळी हवीत, म्हणजे स्क्रू रिपेला भिंतीवर घट्ट ओढतो. रिपेतच आटे धरले तर मध्ये फट राहते आणि प्रवासात कुरकुर सुरू होते. भिंतीत ३/३२ची भोकं पाडून पावणेदोन इंचाचे स्क्रू घाला: पाऊण रिपेचे, १/८ प्लायचे, उरलेले ७/८ स्टडमध्ये. ही लांबी लाकडी सांगाड्याच्या बाहेरच्या भिंतीची. लॅमिनेटेड भिंतीत रिपेतून नळीत दीड इंचाचा स्क्रू पुरे.

गोंदाबद्दल एक खुलासा. रिपेमागे गोंद लावून ती नुसती भिंतीवर चिकटवली, तर ती प्लायला चिकटत नाही, प्लायवरच्या कागदाला चिकटते. वजन आलं की कागद सोलून निघतो, गोंद मात्र जागच्या जागी. गोंद लावायचाच असेल तर रिपेखाली झाकल्या जाणाऱ्या भागातला कागद कटरने काढा. सुरी फक्त कागदापुरती, प्लाय नको कापायला. आणि स्क्रू तरीही हवेतच.

रीप बसली की तिला हाताने धरून जोरात ओढून बघा. हलली नाही तर पुढे. ब्रॅकेट रिपेला पाऊण इंचाच्या स्क्रूंनी लावायचे. ते रिपेच्या आतच संपतात, म्हणून भिंतीतल्या वायरींची चिंता नाही. एक मात्र बघा. पाच इंच उभ्या ब्रॅकेटचं खालचं टोक अडीच इंचांच्या रिपेखाली लोंबकळत राहतं, म्हणून तिथे त्याच जाडीची दुसरी छोटी रीप द्या.

फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची पट्टी हवीच. वर ताणाची दोरी आडवी लावा, तळाला न घसरणारी जाळीदार चटई. गोल स्टीलचे डबे या चटईवरही फिरतात. त्यांना मापाचा ट्रे करून त्यात घट्ट बसवा. कुकर, खलबत्ता, तव्यांची चळत फळीवर न ठेवता प्रवासात जमिनीलगतच्या कपाटात ठेवा.

स्टड मिळतच नसेल तर

दुकानात मिळणारे प्लास्टिकचे पेचदार ड्रायवॉल अँकर इथे कुचकामी. त्यांचे जाड आटे अर्धा इंच जिप्समला धरतात, ३ मिलिमीटर प्लायमध्ये त्यांना पकडायला काही नसतं. हाताला घट्ट लागतात, पन्नास मैलांत सैल होतात.

पोकळ भिंतीत त्यातल्या त्यात बरा पर्याय म्हणजे ‘वेल नट’: रबराची नळी, तिच्या आत पितळी नट. १०-३२ मापाच्या (१० नंबरचा स्क्रू, इंचाला ३२ आटे) वेल नटला ३/८ इंचाचं भोक लागतं. स्क्रू आवळला की मागे रबर फुगतं आणि प्लायला पाठीमागून धरतं. रबर असल्याने हादरा गिळतं, ही त्याची खासियत. पोकळ दरवाजांसाठी मिळणारे आखूड मॉली बोल्टही (आवळल्यावर मागे फाकणारे धातूचे अँकर) चालतात. दोन्हींवर टॉवेलचा हुक, किल्ल्या, टोपी, म्हणजे प्रत्येकी दोन-तीन पौंड, इतकंच टांगा. फोमच्या भिंतीत रबराला फुगायला जागा लागते, म्हणून भोकातून वाकड्या तारेने थोडासा फोम कोरावा लागतो. थोडासाच. या भिंतीची ताकद फोम आणि प्लाय एकमेकांना चिकटून राहण्यात आहे.

वजन जास्त असेल तर भिंतीचा नाद सोडा. फळीचं एक टोक कपाटाच्या कडेच्या जाड चौकटीला लावा आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत उभी पट्टी द्या. उभ्या पट्टीने भार जमिनीवर जातो, भिंतीला फक्त फळी पुढे झुकू न देण्याचं काम उरतं.

फोटो आणि फ्रेम

काच काढा, तिच्या जागी ॲक्रिलिक घाला. वजन निम्म्यावर येतं आणि फुटून तुकडे होण्याची भीती नाही. मागची तार काढून टाका, कारण तारेवरची फ्रेम प्रवासभर झोके घेते आणि भिंतीवर अर्धगोल ओरखडे काढते. फ्रेम चारही कोपऱ्यांत धरली गेली पाहिजे.

हलक्या फ्रेमला चिकटपट्ट्या चालतात, पण त्यांचे नियम पाळले तरच. कमांड पट्ट्या साधारण १०५ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या तापमानासाठी आहेत. बंद ट्रेलर उन्हाळ्यात ॲरिझोना-टेक्ससच्या उन्हात उभा असला की आतलं तापमान ते सहज ओलांडतं. शिवाय त्या कागद लावलेल्या भिंतींसाठी नाहीत. ओढून काढताना कागदाचा पापुद्रा घेऊनच निघतात. म्हणून आधी कपाटाच्या आतल्या भिंतीवर एक पट्टी लावून, आठवड्याने काढून बघा.

व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी, खूप पक्की फोमची टेप) कायमची. तिच्यासाठी मोजमाप सोपं: एका पौंडाला चार चौरस इंच टेप. दोन पौंडांच्या फ्रेमला एक इंची टेपचे दोन-दोन इंचांचे चार तुकडे, कोपऱ्यांत. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून पुसा, वाळू द्या, जोरात दाबा. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री लावू नका. गार दिवशी आधी हीटर लावून भिंत गरम होऊ द्या. कागदाचा प्रश्न इथेही आहेच. भिंतीपेक्षा कपाटाच्या गुळगुळीत दारावर ही टेप जास्त भरवशाची.

दोन पौंडांच्या वरच्या फ्रेमला सरळ स्टडमध्ये स्क्रू. फ्रेमच्या चौकटीतूनच, वर एक, खाली एक. डोकी दिसतात, पितळी स्क्रू घेतले तर वाईट दिसत नाहीत.

देव्हाऱ्यासाठी वेगळी फळी करणाऱ्यांनी रीप-ब्रॅकेटची पद्धतच वापरावी, उंची बसून नजरेला येईल इतकी, आणि शेगडी व पडद्यापासून दूर. मूर्तींच्या तळाला फ्रेम-शोपीस चिकटवायची काढता येणारी पुट्टी लावली की त्या जागेवर राहतात. निघताना समई, निरांजन, तेलाची बाटली डब्यात बंद. मुक्कामीही ट्रेलरमध्ये उघडी ज्योत न लावता बॅटरीची पणती लावणं शहाणपणाचं. आत प्रोपेन आहे आणि जागा एवढीशी.

पहिल्या प्रवासानंतर

पहिल्या पन्नास मैलांवर थांबाल तेव्हा फळी रिकामी करून प्रत्येक स्क्रूला हाताने पाव फेरा द्या. सुरुवातीला एखादा फिरतोच. तोच स्क्रू दुसऱ्या थांब्यावर पुन्हा फिरला तर तो स्टडच्या कडेला लागलाय, काढून जागा बदला. ब्रॅकेटखाली भिंतीवर बारीक भुसा सांडलेला दिसला, तर आत स्क्रू भोक खातोय.

बाहेरूनही फेरी मारा. फळीच्या उंचीवर पत्र्याला हात फिरवून बघा, कुठे टोचणारा उंचवटा लागतोय का. लागला तर तो स्क्रू लगेच काढा. पत्रा नुसता फुगला असेल तर आखूड स्क्रू पुरेल. भोक पडलं असेल तर बाहेरून अल्कोहोलने पुसून, न ओघळणारा सीलंट भोकात आणि भोवती अर्धा इंच लावा. छपरासाठी मिळणारा आपोआप पसरणारा सीलंट उभ्या भिंतीवर चालत नाही, तो ओघळून खाली येतो आणि भोक उघडंच राहतं.